पोर्टार्लिंग्टन : बॅरोकाठचं फ्रेंच गाव

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून कॉर्क किंवा गॉलवेच्या गाडीत बसलं, की तासाभराच्या आत पोर्टार्लिंग्टन येतं. पर्यटक सहसा इथे उतरत नाहीत. ते पुढे समुद्राकडे जातात. उतरतात ते रोज डब्लिनला नोकरीला जाऊन परत येणारे. गावाची वस्ती नऊ हजारांच्या आसपास. गावातली माणसं एवढं लांबलचक नाव घेत बसत नाहीत, नुसतं 'पोर्ट' म्हणतात.

आयर्लंडमधल्या बहुतेक पाट्यांप्रमाणे इथल्या पाटीवरही दोन नावं असतात. इंग्रजी नाव एका लॉर्डसाहेबाचं. आयरिश नाव 'कूल अन तूदरे', म्हणजे चामडं कमावणाऱ्याचा कोपरा. या दोन भाषांखेरीज तिसरी एक भाषा या गावात सव्वाशे वर्षं नांदली, ती मात्र पाटीवर नाही. ती फ्रेंच. फ्रान्सच्या राजानं धर्मापायी देशोधडीला लावलेली माणसं इथे बॅरो नदीच्या काठी येऊन राहिली. त्यांनी देवळात, घरात आणि शाळेत आपली भाषा जपली आणि मग हळूहळू ती आयरिश होऊन गेली. त्यांच्या खुणा बघायला इथे यायचं. त्या थोड्या आहेत आणि समोर मांडून ठेवलेल्या नाहीत, त्यामुळे आधी थोडी माहिती हवी.

ह्यूगेनॉट म्हणजे कोण

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये जे लोक कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या शिकवणुकीनुसार प्रोटेस्टंट झाले, त्यांना ह्यूगेनॉट म्हणत. देश कॅथलिक, त्यामुळे यादवी युद्धं झाली, कत्तली झाल्या. १५९८ मध्ये चौथ्या हेन्री राजानं नांतचं फर्मान काढून त्यांना बऱ्याच मर्यादा घालून का होईना, उपासनेची मुभा दिली. त्याचा नातू चौदावा लुई यानं ऑक्टोबर १६८५ मध्ये ते फर्मान रद्द केलं. त्याआधीच ह्यूगेनॉटांच्या घरांत सैनिक आणून बसवायची पद्धत सुरू झाली होती. घरातली माणसं धर्म बदलेपर्यंत ते तिथेच खात-पीत, नासधूस करत राहायचे.

धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम होता; बाकीच्यांनी सोडला तर गुन्हा. पकडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला धाडत, बायकांना मठात किंवा तुरुंगात. तरीही दीड-दोन लाख माणसं चोरून निसटली आणि हॉलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, इंग्लंडमध्ये पांगली. आयर्लंडच्या वाट्याला त्यांतली काही हजारच आली. आज आपण सहज वापरतो तो 'रेफ्युजी' हा शब्द इंग्रजीत रुळला तो याच लोकांबरोबर.

गावाचा फेरफार

पोर्टार्लिंग्टनचा इतिहास वाचताना सातबाऱ्याचा उतारा आणि त्यावरचे फेरफार वाचल्यासारखं वाटतं. प्रत्येक नोंदीत कुणाचं तरी नाव खोडलेलं आहे.

ही जमीन मुळात ओ'डेम्प्सी या गेलिक घराण्याची. १६४१ च्या आयरिश बंडानंतर ती जप्त झाली आणि दुसऱ्या चार्ल्स राजाचा मंत्री सर हेन्री बेनेट, लॉर्ड आर्लिंग्टन, याच्या पदरात पडली. त्यानं १६६६ मध्ये बॅरोच्या काठावर इंग्रज वसाहत वसवली. नदीवरचा छोटा धक्का म्हणून 'पोर्ट' आणि पुढे स्वतःचं नाव. मालक स्वतः लंडनच्या दरबारात. पुढे जमीन सर पॅट्रिक ट्रँट याच्याकडे गेली. तो होता दुसऱ्या जेम्स राजाच्या बाजूचा.

१६८८ मध्ये जेम्सला इंग्लंडचं सिंहासन सोडावं लागलं आणि त्याचा जावई विल्यम ऑफ ऑरेंज राजा झाला. दोघांची लढाई आयर्लंडच्या भूमीवर झाली : १६९० मध्ये बॉइन नदीवर आणि १६९१ मध्ये ऑग्रिमला. विल्यमच्या सैन्यात ह्यूगेनॉटांच्या स्वतंत्र पलटणी होत्या. जेम्स हरला, ट्रँटची इस्टेट जप्त झाली आणि सुमारे ३६ हजार एकरांचं हे घबाड विल्यमनं आपल्या एका फ्रेंच सेनापतीला दिलं.

तो सेनापती म्हणजे आन्री द मास्यू, मार्की द रुव्हिन्यी. त्याचा भाऊ ला कायमॉत बॉइनच्या लढाईत पडला होता. रुव्हिन्यीला आधी व्हायकाउंट आणि १६९७ मध्ये अर्ल ऑफ गॉलवे हा किताब मिळाला. लढाई संपल्यावर पेन्शनीवर निघालेले फ्रेंच अधिकारी, शिपाई आणि त्यांची कुटुंबं यांना कुठेतरी वसवायला हवं होतं. त्यानं ती पोर्टार्लिंग्टनला वसवली, शंभराहून अधिक घरं बांधून दिली, दोन चर्च आणि दोन शाळा उभारल्या.

हा माणूस पुढे स्पेनमध्ये लढायला गेला आणि १७०५ मध्ये बदाहोसच्या वेढ्यात उजवा हात गमावून बसला. १७०७ मध्ये आल्मान्साच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूचा सेनापती होता, आणि समोर फ्रान्सच्या सैन्याचा सेनापती होता ड्यूक ऑफ बेरिक, म्हणजे पदच्युत जेम्स राजाचा अनौरस मुलगा. इंग्रज फौजेचा नायक फ्रेंच, फ्रेंच फौजेचा नायक इंग्रज. जिंकला बेरिक.

तोवर रुव्हिन्यीच्या हातून पोर्टार्लिंग्टनही गेलं होतं. राजानं आपल्या मर्जीतल्या लोकांना आयरिश जमिनी वाटल्याचा लंडनच्या पार्लमेंटला राग होता. १७०० मध्ये कायदा करून त्यांनी ती दानं परत घेतली. १७०३ मध्ये इस्टेट विकत घेतली 'हॉलो स्वोर्ड ब्लेड्स' नावाच्या कंपनीनं. मुळात तलवारीची पाती बनवण्यासाठी काढलेली ही कंपनी, पण तोवर धंदा बदलून जमिनी आणि पैशाच्या उलाढालीत उतरली होती. फ्रेंच कुटुंबांचं नशीब एवढंच, की त्यांनी अर्जविनंत्या करून आपले भाडेपट्टे कायद्यानं कायम करून घेतले होते. जहागीरदार गेला, रयत राहिली. कंपनीकडून जमीन पुढे डॉसन घराण्याकडे आली, आणि १७८५ मध्ये त्यांच्यातला एकजण अर्ल ऑफ पोर्टार्लिंग्टन झाला.

फ्रेंच निर्वासितांची गोष्ट ऐकताना मन भरून येतं, ते साहजिकच आहे. पण त्यांना मिळालेला आसरा दुसऱ्याच्या हिसकावलेल्या जमिनीवर होता, आणि आजूबाजूला राहणारे कॅथलिक आयरिश त्याच काळात एकेक हक्क गमावत होते. फ्रान्समध्ये धर्मापायी नाडलेले लोक इथे धर्मामुळेच वरच्या पायरीवर बसले. गावातून फिरताना ही दुसरी बाजू मनात ठेवावी.

एका कुटुंबाचं येणं

शांपान्ये कुटुंबाचं उदाहरण घेऊ, कारण त्यांच्या घरच्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी टिकल्या आहेत. जोझियास द रोबियार, म्हणजे शांपान्येचा जहागीरदार, आणि त्याची बायको मारी द ला रोशफुको. फ्रान्सच्या पश्चिमेकडे जमीनजुमला असलेलं हे घर. १६८७ मध्ये त्यांची मुलं ला रोशेलहून एका जहाजाच्या तळात लपून इंग्लंडला पोचली. आई मागाहून निसटली. सगळ्यांत धाकटी मुलगी तान्ही होती. ती फ्रान्समध्येच राहिली. जोझियास विल्यमच्या सैन्यात दाखल झाला, पण लढाई बघण्याआधीच १६८९ मध्ये बेलफास्टला आजारानं गेला. मारी पुढे पोर्टार्लिंग्टनला येऊन सैनिकाची विधवा म्हणून पेन्शनीवर राहिली आणि १७३० मध्ये वारली. तिचा मुलगा इथे मेजर झाला, त्यानं एका अर्लची मुलगी केली, आणि त्यांचा मुलगा अँग्लिकन चर्चमध्ये डीन झाला. म्हणजे जहाजाच्या तळातून इथल्या बड्या घरांपर्यंत यायला तीन पिढ्या पुरल्या.

या वसाहतीचं वेगळेपण त्यातच आहे. आयर्लंडमधले दुसरीकडचे ह्यूगेनॉट विणकर, व्यापारी, सावकार होते : लिझबर्नला लुई क्रोमलँनं तागाचा धंदा वाढवला, डब्लिनमध्ये ला टूश घराण्यानं पेढी काढली. पोर्टार्लिंग्टनचे लोक प्रामुख्यानं निवृत्त फौजी. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत बापाच्या नावापुढे कप्तान, लेफ्टनंट अशी पदं सतत दिसतात. अर्ध्या पगाराची पेन्शन, थोडी शेती आणि जुन्या पलटणीच्या गोष्टी यांवर या लोकांचं आयुष्य चाललं.

प्रार्थनेची भाषा

गावातलं सेंट पॉल्स चर्च आजही 'फ्रेंच चर्च' म्हणून ओळखलं जातं. मूळ इमारत १६९० च्या दशकातली. आज दिसते ती १८५१ मध्ये पुन्हा बांधलेली. ही तारीख आधीच माहीत असलेली बरी, नाहीतर सतराव्या शतकातलं चर्च बघायला गेलेला माणूस हिरमुसतो.

या चर्चमध्ये सुरुवातीलाच एक वाद झाला. ह्यूगेनॉटांची उपासना साधी, कॅल्व्हिनच्या धाटणीची. आयर्लंडचं सरकारी चर्च अँग्लिकन : बिशप, ठरीव प्रार्थना-पोथी, विधी. १६९२ च्या कायद्यानं परदेशी प्रोटेस्टंटांना आपल्या रीतीनं उपासना करायची सवलत होती. पण १७०२ मध्ये किल्डेरच्या बिशपनं चर्चचं अभिषेकविधीनं समर्पण करायचं ठरवलं, आणि मग तिथे अँग्लिकन पद्धतच पाळावी लागेल असं सांगितलं. मंडळीचे धर्मगुरू बँजामँ दायों यांनी नकार दिला. फ्रान्समध्ये याच हट्टापायी तुरुंग भोगलेला हा म्हातारा गाव सोडून गेला. मंडळीनं पोथी स्वीकारली, पण भाषा सोडली नाही. अँग्लिकन प्रार्थना फ्रेंचमध्ये चालू राहिल्या, त्या थेट एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत. पंथाशी तडजोड झाली, भाषेशी मात्र नाही, याचं नवल वाटतं. शेवटच्या काळातले धर्मगुरू व्हिन्योल घराण्यातले, बाप आणि मग मुलगा. मुलाच्या वेळी इंग्रजी आली. रेल्वेच्या सपाट बुडाच्या रुळाला ज्याचं नाव आहे, तो इंजिनियर चार्ल्स व्हिन्योल्सही याच कुळातला.

चर्चची १६९४ पासूनची नोंदवही फ्रेंचमध्ये आहे. ती १९०८ मध्ये छापून निघाली, संपादक टी. पी. ल फॅन्यू, स्वतः ह्यूगेनॉट वंशाचे. बाकी आडनावं हळूहळू घासत गेली. 'ब्लां' या आडनावाचं पोर्टार्लिंग्टनच्या उच्चारात 'ब्लाँग' झालं आणि तसंच लिहिलं जाऊ लागलं.

शाळांचं गाव

फ्रेंच येणारे, शिस्तीचे, पेन्शन अपुरी पडणारे लोक काय करतील? शिकवण्या. अठराव्या शतकात पोर्टार्लिंग्टन निवासी शाळांसाठी नावाजलं. आयर्लंडमधली बडी घराणी मुलांना फ्रेंच यावं म्हणून फ्रान्सऐवजी इथे धाडत. मुलगा घरापासून जवळ राही, शिवाय प्रोटेस्टंटच राही.

भाषा गेल्यावरही शाळा काही काळ टिकल्या. आर्लिंग्टन हाउस या शाळेत एडवर्ड कार्सन शिकला. ऑस्कर वाइल्डला १८९५ च्या खटल्यात उलटतपासणीत जेरीस आणणारा वकील तो हाच. पुढे अल्स्टरमधल्या युनियनिस्टांचा, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्यांचा, पुढारीही तोच. ही इमारत आता पडीक आहे.

एक गंमत जाता जाता. हे गाव पार्लमेंटवर प्रतिनिधी पाठवत असे, पण मतदार मूठभर आणि तेही जहागीरदाराच्या मुठीत. १८१९ मध्ये इथून निवडून आला प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो. जागेसाठी त्यानं ४,००० पौंड मोजले, वर कर्जबाजारी अर्लला २५,००० पौंड उसने दिले. १८२३ मध्ये मरेपर्यंत तो पोर्टार्लिंग्टनचा खासदार होता आणि आपल्या मतदारसंघात त्यानं पाऊलही टाकलं नाही. जमिनीच्या खंडाचा सिद्धांत मांडणाऱ्यानं जागा घेतली तीही अशी पैसे मोजून.

पायी फिरताना

स्टेशनपासून गावाचा मध्य चालत जाण्याइतका जवळ आहे. स्टेशनही बघण्यासारखं; १८४७ पासूनचं, दगडी. मार्केट स्क्वेअरला बाजाराची जुनी इमारत चौकाच्या मधोमध उभी आहे. तिथून फ्रेंच चर्च स्ट्रीटकडे वळावं. चर्चचं आवार आणि तिथले दगड निवांत बघावेत; चर्च एरवी बंद असू शकतं, त्यामुळे रविवारच्या प्रार्थनेची वेळ गाठणं उत्तम.

जुन्या घरांकडे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवायची : ती रस्त्याला तोंड देऊन मिरवत नाहीत. फ्रेंच कुटुंबांच्या घरांची खरी शोभा मागे होती, बॅरोकडे उतरणाऱ्या लांब बागांत. फळझाडं, भाजीचे वाफे, मग नदी. रस्त्यावरून दिसते ती जणू घराची पाठ. बरीच घरं पडली, बदलली, समोर दुकानं आली. उरलेल्यांची उंच छपरं आणि दारांच्या चौकटी यांवरून अंदाज बांधावा लागतो. ज्यांना सगळं काचेच्या पेटीत लेबल लावून हवं असतं, त्यांना हे गाव फार काही देणार नाही.

नदी आणि टर्फ

बॅरो ही शॅननच्या खालोखाल आयर्लंडमधली दुसरी लांब नदी, १९२ किलोमीटर. गावाच्या पश्चिमेला दिसणाऱ्या स्लीव्ह ब्लूम डोंगरात ती उगम पावते आणि दक्षिणेला वॉटरफर्डच्या खाडीत मिळते. नोर आणि शूर या दोन नद्याही तिथेच येतात. तिघींना मिळून 'तीन बहिणी' म्हणतात. पोर्टार्लिंग्टनला ती अजून लहान आहे, संथ, वळणावळणाची.

नदी ही परगण्यांची हद्दही आहे. गावाचा मोठा भाग लाओइस परगण्यात (लिहितात लाओइस, म्हणतात 'लीश'), पूल ओलांडला की ऑफली. १५५६ पासून विसाव्या शतकापर्यंत या दोन परगण्यांची नावं क्वीन्स काउंटी आणि किंग्ज काउंटी अशी होती. म्हणजे पुलावरून जाणारा माणूस राणीच्या मुलुखातून राजाच्या मुलुखात जायचा.

आसपासची जमीन दलदलीची, टर्फची. टर्फ म्हणजे शेवाळ आणि पालापाचोळा हजारो वर्षं साचून झालेली जळाऊ माती. ती कापून, वाळवून चुलीत घालतात. १९५० मध्ये टर्फवर वीज बनवणारं देशातलं पहिलं केंद्र पोर्टार्लिंग्टनलाच सुरू झालं. त्याचा शीतकरण मनोरा कित्येक मैलांवरून दिसायचा आणि जवळजवळ अर्धं शतक गावाची ओळख तीच होती. १९९७ मध्ये तो स्फोटकांनी पाडला. आता टर्फ काढणंही सरकारी कंपनीनं थांबवलं आहे.

जवळपास

गावाच्या पूर्वेला चार किलोमीटरवर, बॅरोकाठीच, ली कॅसलचे अवशेष आहेत. तेराव्या शतकातला नॉर्मन किल्ला. १६५० मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या सैन्यानं निकामी केला. पुढे घोडेचोरांच्या एका म्होरक्यानं पळवलेले घोडे याच पडक्या भिंतींआड लपवल्याची गोष्ट सांगतात. हा म्होरक्या होता डेम्प्सी, मूळ मालकांच्याच आडनावाचा. किल्ला शेताच्या मधोमध आहे, भिंती सैल आहेत. आत घुसण्याआधी विचारावं.

वेळ एकाच ठिकाणासाठी असेल, तर मी एमो कोर्ट सुचवेन. हे डॉसन अर्लचं घर, १७९० च्या सुमारास सुरू झालं. घुमट पुरा व्हायला १८६० चं दशक उजाडलं. अर्लना पैसा पुरत नसे, हे रिकार्डोच्या गोष्टीवरून कळलंच आहे. वास्तुकार जेम्स गँडन, डब्लिनच्या कस्टम हाउस आणि फोर कोर्ट्सचा निर्माता. त्याचा आजा लंडनला आलेला ह्यूगेनॉट निर्वासित होता. विसाव्या शतकात काही दशकं इथे जेझुइट पाद्र्यांचा मठ होता, १९९४ पासून वाडा सरकारकडे आहे. बाग, तळं आणि उंच सिक्वोया वृक्षांचा लांब रस्ता बघायला अर्धा दिवस सहज जातो. एमोला आगगाडी नाही. गाडी किंवा टॅक्सी करावी.

आणि परतीला डब्लिनमध्ये दोन ठिकाणं. सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलच्या कुशीतलं मार्श ग्रंथालय : त्याचे पहिले ग्रंथपाल एली बुएरो हे ला रोशेलहून पळून आलेले डॉक्टर. आपली पुस्तकं त्यांनी सोबत आणली होती, ती आजही तिथल्या कपाटांत आहेत. दुसरं म्हणजे मेरियन रोवरची १६९३ मधली छोटी ह्यूगेनॉट दफनभूमी. तिचं फाटक बहुधा बंद असतं, पण जाळीतून सगळं दिसतं.

जायचं कसं, कधी

आयर्लंड शेंगेन करारात नाही, त्यामुळे युरोपचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. आयरिश व्हिसा वेगळा काढावा लागतो. फ्रान्स-आयर्लंड असा एकत्र बेत आखणाऱ्यांनी दोन्ही अर्ज लवकर करावेत. डब्लिनहून गाड्या दिवसभर असतात, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मे ते सप्टेंबर बरा, दिवस लांब असतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड राहतो. पाऊस मात्र कुठल्याही महिन्यात येतो. तो आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता भुरभुरत राहतो. छत्री वाऱ्यानं उलटी होते, त्यापेक्षा टोपीचं जाकीट बरं.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही : दुपारी भाजीचं सूप आणि जाड काळसर सोडा ब्रेड, वर भरपूर लोणी. बुटांना चिखल लागणार हे धरून चाला. नदीकाठची वाट पावसानंतर घसरडी असते.